चूलबंद आवतन

पहाटेच नांदेडहून निघालेली ऋतुजा साडेनऊपर्यंत दारात येणार होती आणि त्याच्या आत तिच्या बापाचं, बसवराजचं, तोंड बंद करायचं होतं. त्या रविवारी घरात एवढंच एक काम होतं. सकाळी सातला सुरू केलं, आठ वाजून गेले, तरी काम तसूभर पुढं सरकलं नव्हतं.

सिंधूनं तिसऱ्यांदा चहा टाकला. थोरली सून चहा टाकायलाच जन्माला येते असं या घराचं ठाम मत होतं. सिंधूनं ते कधी खोडलं नाही, कारण गॅसपाशी उभं राहिलं की ओसरीवरचा शब्द न् शब्द ऐकू येतो. ओसरीवर तिचा नवरा सिद्धेश्वर येरझाऱ्या घालत होता. सासू, कस्तुराबाई, म्हणजे पोरांची अव्वा, भिंतीला पाठ लावून बसली होती आणि सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. आणि पायरीवर धाकटा दीर बसवराज बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर टॉवेल आणि सुके कपडे. दहा वाजता घरणीच्या धरणावर त्याचा बाप्तिस्मा होता.

"पान्यात जा की बाबा," सिद्धेश्वर म्हणत होता. "एकदा सोडून धा डाव बुड. मी टावेल धरून हुबा ऱ्हातो. येशूला मान, आनि कुनाला मान, माझं कायबी म्हननं न्हाई. पर ते साक्षीचं तेवढं सोड."

"साक्ष द्यावीच लागती, दादा."

"आरं मग दे की! दारू पीत होतो म्हन. पत्ते कुटत होतो म्हन. मागच्या टायमाला त्या मल्लेशनं काय सांगितलं? बिड्या सोडल्या म्हनला, घटकाभर रडला, झालं!"

"मी बिड्या वढत न्हाई," बसवराज म्हणाला. हे तो इतक्या सरळ मनानं म्हणाला की आत सिंधूला हसू फुटलं आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

या प्रार्थनेवाल्यांची रीतच तशी होती. पाण्यात उतरायच्या आधी काठावर उभं राहून सगळ्यांदेखत सांगायचं, की आपण काय होतो, काय करून बसलो होतो आणि कशातून सुटलो. आणि या घराला सांगण्यासारखं एक होतं. अकरा वर्षांपूर्वी बसवराजची बायको महानंदा शेतातल्या विहिरीत बुडून मेली. 'पाणी काढताना पाय घसरला, त्या वक्ताला शेतात कोणीही नव्हतं,' असा जबाब घरातल्या तिघांनी ठाण्यात दिला आणि त्याच्याखाली सगळ्यात आधी सही ठोकली ती सिद्धेश्वरनं. तो जबाब खोटा होता.

सिंधू त्या दिवशी माहेरी, उदगीरला होती. ती परतली तोवर महानंदाला बांधावर माती देऊन झाली होती आणि आठ वर्षांची ऋतुजा शेजारणीच्या पदराला धरून उभी होती. त्या दिवसापासून तिची वेणी सिंधूनं घातली, दप्तर सिंधूनं भरलं, नांदेडला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा पेढेही सिंधूनंच वाटले. शेतात कोणीतरी होतं हे तिला आठवड्याभरातच कळलं होतं, कारण नवरा झोपेत बरळायचा. कोण होतं, काय बघत होतं, हे मात्र तिनं कधी विचारलं नाही. भीती वाटली, दुसरं काय!

"मग तू नेमकं काय सांगनार?" सिद्धेश्वर थांबला.

"झालं ते. भांडन झालं, मी तिच्यावर हात उचलला. ती विहिरीकडं पळाली. मी मागं गेलो. ती बुडत होती आनि मी काठावर हुबा होतो. मला पवता येतं."

चहा उतू गेला. गॅस विझला तरी सिंधू हातातली सांडशी धरून तशीच उभी राहिली.

सिद्धेश्वरची गोष्ट वेगळी होती. गावात पोलिसांची गाडी आली, मग ती कुणाच्या म्हशीच्या चोरीसाठी का येईना, की हा माणूस मागच्या दारानं शेताकडं निघायचा. अकरा वर्षं असंच चाललेलं. परवा तो लातूरला एका वकिलाकडं जाऊन आला होता. 'माझ्या एका दोस्ताचं मॅटर आहे,' म्हणून विचारलं. वकील चष्म्यावरून बघत म्हणाला, 'दोस्ताला म्हणावं, खोटा जबाब अंगाशी येऊ शकतो.' बाहेर आल्यावर सिद्धेश्वरला पाच मिनिटं आपली मोटारसायकल ओळखता आली नव्हती.

"धरनावर साठ मानसं येत्यात," तो आता आवाज खाली आणून बोलू लागला. "उमरीची, धर्माबादची. मोबाईल काढल्याबिगर कुनी ऱ्हातंय का? सांच्याला सगळ्या तालुक्यात फिरंल तुझी साक्ष. तू आत, मी आत, ह्या वयात अव्वा आत. माझं मी भितो, कबूल हाय मला. मी भेकड हाय, म्हन. पर त्या पोरीचं काय? आई गेली, आता बापबी काढून घेतोस का तिचा?"

हे लागलं. बसवराजनं टॉवेल घट्ट धरला. सिद्धेश्वरला वाटलं, आला वाटेवर. त्यानं घाईघाईनं पुढचं रेटलं, "तिची परीक्षा हाय म्हनत होती. मदीच का येऊन राहिली ती? तिला सांगितलं तरी कुनी?"

"मी फोन केला," सिंधू चौकटीत येऊन म्हणाली.

"तू?"

"हाव, मी. भावजींनी सांगू दी न्हाईतर न सांगू दी, बाप पान्यात उतरताना लेकीनं हितं असावं म्हनून बोलावलं. आनि सांगनारच असतील तर धरनावर साठ जनांत कळन्यापरीस घरात कळू दी तिला."

"तू माझी बायको हायस का ह्याची वकील?"

"अकरा वर्सं तुमचीच वकिली केली की. गावात कुनी इचारलं तर मीच सांगत आले, पाय घसरला, पाय घसरला." तिचा आवाज चिरकला. "आता मला बी जमंना झालंय."

सिद्धेश्वर बसवराजवर उलटला. "हे सगळं त्या धर्माबादमुळं! मिरची घालायला गेला आन् हे घिऊन आला!"

तेवढं मात्र खरं होतं. दोन वर्षांपूर्वी बसवराज मिरचीचा टेम्पो घेऊन धर्माबादला गेला होता. माल उतरायला उशीर होता, शेजारच्या खोलीत गाणी चालली होती, म्हणून दारात चपलांजवळ टेकला. पुढच्या रविवारी मिरची नव्हती तरी गेला. असे पाच रविवार तो चपलांजवळच बसला. सहाव्या रविवारी पास्टर आनंदराज प्रार्थना मध्येच थांबवून म्हणाले, "ओ पाव्हणं, आत सरका, पुढं जागा आहे." हा माणूस उमरीचा, बौद्ध घरातला, सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. आवाज अजून तसाच. सगळे हसले. बसवराज हसला नाही. सगळे गेल्यावर त्यानं विचारलं, "ज्याच्या हातनं मानूस गेलंय, त्यानं आत सरकलं तर चालतं का?" पास्टर म्हणाले, "चांगल्या माणसांनाच बोलावलंय, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

त्या दिवशी टेम्पो घेऊन परत येताना बसवराजनं वाटेत तीनदा गाडी थांबवून रडून घेतलं होतं. बोलावणं त्यानं तिथंच स्वीकारलं होतं. पाण्यात उतरायला आणि तोंड उघडायला मात्र दोन वर्षं लागली. भीती काय एका रविवारात जाते होय!

"बसू," कस्तुराबाई म्हणाली.

सगळे वळले. म्हातारीनं सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. घरच्यांना वाटत होतं तिला धर्माचं लागलंय. पिढ्यान् पिढ्यांचं लिंगायत घर, गळ्यात इष्टलिंग, पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोट नाही, आणि पोटचा पोरगा दुसऱ्या देवाच्या दारात. लागलंही असेल. पण तिची खरी भीती वेगळीच होती.

तिनं गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि हात पुढं केला. "ह्याच्यावर हात ठिव. तिथं विहिरीचं काय बोलनार न्हाई म्हन. मग जा खुशाल."

बसवराजचे डोळे भरले. त्यानं हात जोडले, पण पुढं केले नाहीत. "अव्वा, ह्याच्यावर हात ठिवून एकदा ठान्यात खोटं बोललोय. दुसऱ्यांदा नको."

म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला.

मग बसवराज तिच्यापाशी सरकला, अगदी कानाशी लागला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तू भिऊ नकू. तुजं नाव मी घेनार न्हाई. एकटाच होतो म्हनीन."

खरं तर यानं तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. यासाठीच तर चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण झालं उलटंच.

कारण महानंदा गेली त्या दुपारी ती भाकरी घेऊन शेतात गेली होती. काठावर बसू उभा, डोळे फाडून, अंगात वारं भरल्यासारखा. आत महानंदा मोटारीच्या पाइपाला लोंबकळत होती. जिवंत होती. हाका मारत होती. बाजूला दोर पडला होता. कस्तुराबाईनं दोर बघितला. आणि तिच्या डोक्यात एकच आलं, की आता कुणी आलं तर म्हणेल यानंच ढकलली. तिनं पोराचं मनगट धरलं आणि त्याला घराकडं ओढत नेलं. बांधावरून वळेपर्यंत हाका येत होत्या. मग थांबल्या. सून तिला कधी फारशी आवडली नव्हती, हेही खरं. ते तर तिनं स्वतःलासुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

अकरा वर्षं हे ओझं मायलेकांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. आता त्यानं आपली बाजू खाली ठेवली की राहिलेलं सगळं तिच्या एकटीवर. तो पाण्यातून वर येईल, सुटेल, आणि ही भिंतीला पाठ लावून इथंच बसलेली. मरेपर्यंत. आणि मेल्यावर? तिथून पुढं तिला विचार करवेना. तिला आजवर मरणाची भीती वाटली नव्हती, ती आज वाटली.

बाहेर मोटारसायकल थांबली.

"जागा केली बघा पोरीला, रिक्षाच मिळंना स्टँडवर!" पास्टर आनंदराजांचा तो कंडक्टरी आवाज. बाप्तिस्मा देण्याआधी ते प्रत्येकाच्या घरी येऊन विचारून जायचे, म्हणजे मागून कुणी जबरदस्ती केली म्हणायला नको. आणि त्यांच्यामागं, सॅक पाठीला, ऋतुजा. अजून सव्वानऊसुद्धा झाले नव्हते.

ऋतुजाला वाटलं होतं घरात आरडाओरडा असेल. काकूच्या फोनवरून तिनं तसाच अंदाज बांधला होता. धर्म, समाज, भावकी, लोक काय म्हणतील वगैरे. वाटभर ती वडिलांच्या बाजूनं भांडायची तयारी करत आली होती.

"अय्यो पप्पा! नवरदेवच की!" ती सदऱ्याकडं बघून म्हणाली. "आज्जी, तू रागावलीस ना? राहू दे गं. दोन वर्षं झाली, पप्पा मला दर रविवारी फोन करतात, जेवलीस का विचारतात. आधी कधी विचारायचे? त्यांना चांगलं वाटतं ना, करू दे की त्यांना."

तिनं एकेकाकडं बघितलं. काकूनं नजर चुकवली. काकूनं!

"चला चला, उशीर होतोय, निघू," सिद्धेश्वर उगाच घाई करू लागला. "पोरगी दमून आलीय. ती हितंच ऱ्हाऊ दी."

"कुणाची हरकत नाही ना?" पास्टरांनी विचारलं.

"बस, ऋतू," बसवराज म्हणाला. "धरनाच्या आदी तुला सांगायचंय."

"भावा, हात जोडतो तुला..."

"सांगू द्या," सिंधू म्हणाली आणि नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

आणि बसवराजनं सांगितलं. कसलीही प्रस्तावना नाही, रडणं नाही. भांडण, हात उचलला, विहीर, काठ. "तिनं मला हाक मारली. मी गेलो न्हाई. आदी रागानं न्हाई गेलो. मग भेवानं न्हाई गेलो. पाय घसरला हे खोटं हाय."

ऋतुजा सॅकच्या पट्ट्याशी खेळत होती. ती खेळतच राहिली. गावातल्या बायका तिला लहानपणापासून 'घसरून गेली बिचारी' म्हणत आल्या होत्या. ती अजून ओल्या फरशीवर दोन्ही हात पसरून चालायची. हॉस्टेलवर मैत्रिणी त्यावरून तिला चिडवायच्या.

"एकटेच होता तुम्ही?" तिनं विचारलं. आवाज परक्या माणसाशी बोलावा तसा.

"हाव. एकटाच."

"खोटं बोलून राहिला," कस्तुराबाई म्हणाली.

"अव्वा!" सिद्धेश्वर ओरडला.

"गप रं. ऋतू, मी होते. दोर हाताशी होता. मी टाकला न्हाई. ह्याला धरून मीच घरी नेला. हा खुळ्यावानी हुबा होता, पर मी शुद्धीत होते." ती पास्टरांकडं वळली. "बाबा, ह्याला बोलावलंय म्हनत्यात तुमच्या देवानं. मला तर कुनी बोलावलं न्हाई. तुमचं आवतन काय घरटी एक मानूस असतंय का?"

गावाकडं लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद, म्हणजे सगळं घर जेवायला, म्हातारीकोतारी, पोरंसोरं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. सव्वीस वर्षं गावोगाव फिरलेल्या माणसाला हे समजवावं लागलं नाही.

"नाही अव्वा," पास्टर म्हणाले. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. "चूलबंद आवतन आहे."

"असल्या बाईला बी?"

"असल्यांनाच. मीबी काय लायक म्हणून आत गेलो नाही. ज्यानं बोलावलं त्यानं आधी आपला जीव दिला, मग हाक मारली."

म्हातारी तळहातावरच्या लिंगाकडं बघत राहिली. मग तिनं ते हळूच कपड्यात गुंडाळून सिंधूच्या हाती दिलं. "नीट देवळीत ठिव. त्याचा काय दोस न्हाई." आणि पास्टरांना म्हणाली, "मग मला बी धरा. मला यायचंय."

"थांबा!" ऋतुजा उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुम्ही कोण हो माफ करणारे? आणि तुमचा देव तरी कोण? आई माझी मेली. मी अजून काहीच बोललेली नाही!"

पास्टरांनी मान खाली घातली. "बरोबर बोललीस, बाई. त्यानं माफ केलं म्हणून तुला कोणी गप बसवू शकत नाही. तुझी माफी मागायला मी आलो नाही, आणि तू ती दिलीच पाहिजे असंही म्हणणार नाही."

"मग मला एक सांगा." ती आजीसमोर खाली बसली. तिला भीती वाटत होती, आणि तरी विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. "शेवटी काय म्हणाली ती? कुणाला हाक मारत होती?"

बसवराजनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आदी ह्याला," कस्तुराबाई म्हणाली. "मग वर मी दिसले. मग मला. 'अव्वा' म्हनली. 'अव्वा, हात द्या' म्हनली. तिला वाटलं, मी आले म्हंजे आता झालं."

सिंधू पदरात तोंड घालून मोठ्यानं रडली. ऋतुजा रडली नाही. ती उठली, नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, ओढणीनं पुसलं आणि परत आली.

"काका, टेम्पोची चावी घ्या."

"कुटं?"

"ठाण्यात. आधी तो जबाब बदलायचा. माझ्या आईचा पाय घसरला नव्हता, हे लिहून द्यायचं. मग पाण्यात जायचं तर जा. मी अडवणार नाही. येईन का नाही, ते मला आता माहीत नाही."

सिद्धेश्वरनं पास्टरांकडं बघितलं. त्याला वाटलं, निदान हा माणूस तरी म्हणेल, आज नको, साठ लोक वाट बघून राहिलेत.

"धरण कुठं पळून जात नाही," पास्टर म्हणाले. "मी लोकांना थांबवतो."

बसवराज उठला. टॉवेल आणि सुके कपडे पायरीवर ठेवले, आणि टेम्पोच्या मागच्या हौद्यात चढला. सिंधूनं दाराला कडी लावली आणि पदर खोचून त्याच्यामागं चढली. ऋतुजा फाटकाशी उभी राहिली, कुठं बसावं ते तिचं ठरेना.

सिद्धेश्वरनं खुंटीवरची चावी घेतली होती. त्यानं आईला आधार द्यायला ओसरीकडं बघितलं, तर ओसरी रिकामी. गेल्या चार वर्षांत परसाकडं जायलाही कुणाचा हात धरणारी म्हातारी एकटीच टेम्पोपर्यंत गेली होती आणि पुढच्या शिटावर बसून पदर सारखा करत होती.

"अव्वा," तो खिडकीशी येऊन म्हणाला, "मला गाडी चालवायची न्हाई गं. मला लई भ्या वाटून राहिलंय."

"मला बी," कस्तुराबाई म्हणाली. "चालव."